बाईंचा डावा पाय

ऑटोमॅटिक गाडीचं नाव काढलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि तीही नेमकी डाव्या तळपायाची. उजव्या पायाला कुठल्याही गाडीत काम असतं. त्याला ब्रेक आहे, अ‍ॅक्सिलरेटर आहे. डाव्याची सगळी हयात एका क्लचवर. तो क्लचच ज्यांनी काढून टाकला त्यांच्याबद्दल बाई जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्तावीस वर्षं त्या एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या. स्कूल म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, खोलीत टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दारापुढे रांगेत उभ्या तीन गाड्या. पहिल्या दोन नव्याकोऱ्या, ऑटोमॅटिक. तिसरी चौदा वर्षांची, हाताने गिअर टाकायची. तिला सगळे 'तीन नंबर' म्हणत आणि ती बाईंची होती. कागदावर नव्हे, पण तिच्यात दुसरं कुणी शिकवायला बसलंच नव्हतं. शिकणारा स्टिअरिंगवर बसायचा, बाई शेजारी. बाईंच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच होता, शिकणाऱ्याने घोळ घातलाच तर आवरायला.

घरची गाडीही गिअरचीच. रविवारी सकाळी बाई ती काढून घाटाच्या रस्त्याला लागायच्या. सुरुवातीला नवरा विचारायचा, "कुठे निघालीस?"

"वर."

"आणि मग?"

"मग खाली."

नवऱ्याने पुढे विचारणं सोडलं. वळण यायच्या आत तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा, इंजिनचा आवाज जरा चढू द्यायचा, मग क्लच असा सोडायचा की गाडीला कळूसुद्धा नये. एवढ्या एका गोष्टीसाठी बाई पाऊण तास जायच्या नि पाऊण तास यायच्या. नवरा शेजारी बसून संत्री सोलायचा. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. म्हणजे बाईंनीच शिकवली होती, लायसनही होतं, पण त्याने कधी चालवली नाही. "आमच्या ह्यांचं म्हणजे दिव्याखाली अंधार," असं बाई चारचौघांत सांगायच्या आणि तोही हसायचा.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकाने बाईंना टेबलापाशी बोलावलं. मालक बत्तीस वर्षांचा. स्कूल त्याच्या वडिलांनी काढलेलं, आणि तो स्वतः अठराव्या वर्षी बाईंच्याच हाताखाली शिकलेला. त्यामुळे बाई त्याला अरे-तुरेच करायच्या.

"बाई, तीन नंबर विकतोय," तो म्हणाला.

बाई उभ्याच राहिल्या.

"वर्षभरात गिअरच्या गाडीवर अकरा जणांनी टेस्ट दिली. नऊ नापास. ऑटोमॅटिकवर एकही नाही. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"लोक आळशी झालेत. सगळं आयतं पाहिजे त्यांना."

"बाई, नवी ऑटोमॅटिक तुमच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलते. पेट्रोल तेवढंच खाते. सिग्नलला गुडघा दुखत नाही. आता ह्यात वाईट काय आहे ते सांगा."

"गाडी चालवणं आणि गाडीत बसणं ह्यात फरक असतो. लिफ्टमध्ये बटण दाबणाऱ्याला आपण ड्रायव्हर म्हणतो का?"

मालक हसला नाही. बाईंना वाटलं, हा असाच. पहिल्यापासून मऊ. स्वतःच्या बुडाखाली ऑटोमॅटिक, ह्याला गिअरची काय कदर! पण वडिलांपासूनचे संबंध होते, तोही अगदीच निगरगट्ट नव्हता. शेवटी ठरलं ते असं: ह्या महिन्यात गिअरच्या गाडीवर एक जरी माणूस पहिल्या फटक्यात पास झाला तर तीन नंबर राहील. नाही झाला तर तीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाईल.

आता मेख अशी होती की हे नापासांचं प्रकरण वर्षभरातलंच होतं. त्याआधीच्या सव्वीस वर्षांत बाईंचा विद्यार्थी नापास होणं म्हणजे बातमी असायची. मग गेल्या वर्षी नियम बदलला. पूर्वी टेस्टला आरटीओचे साहेब मैदानात उभे राहून बघायचे आणि शिकवणारा गाडीत शेजारी बसायचा. आता साहेब स्वतः शेजारी बसायला लागले आणि शिकवणाऱ्याला कुंपणाबाहेर उभं केलं. तेव्हापासून घसरण. बाईंच्या मते साहेब शेजारी बसले की लोक घाबरतात, आणि घाबरट लोकांना ह्या ऑटोमॅटिकनीच घाबरट केलंय. एकदा कुणी दोषी ठरला की त्याच्या माथी सगळंच मारता येतं.

पाच तारखेला केकवाले आले. चौकातली केकची बेकरी ह्यांची. वय चाळीस, बोटांना व्हॅनिलाचा वास. ह्यांच्या मामांनी जाताना आपली जुनी दोन दारांची गाडी भाच्याच्या नावावर केली होती, आणि केकवाले त्या गाडीच्या पार प्रेमात होते. चालवता मात्र अजिबात येत नव्हती. वाचलेलं होतं भरपूर. पहिल्याच दिवशी बाईंना सांगायला लागले, "बाई, ऑटोमॅटिकमध्ये गाडी आपल्याला नेते. मॅन्युअलमध्ये आपण गाडीला नेतो. गाडीच्या पोटात काय चाललंय ते तळपायाला कळतं म्हणे."

बाईंना वाटलं, देवच पावला.

त्या दिवसापासून बाईंनी त्यांच्यावर जीव टाकला. रोज सकाळी सात ते आठ. आणि केकवाले शिकले, विलक्षण शिकले. बारा दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. चढावर नाही, सिग्नलला नाही. क्लच सोडताना गाडी जरा थरथरली की बाई म्हणायच्या, "हां, हाच तो हाफ क्लच. इथे थांबा, आता रेस द्या," आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकायची. केकवाल्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा की बाईंना घाट आठवायचा. मालकाला त्या येता-जाता ऐकवायच्या, "तू गिऱ्हाइकाला कळवून टाक. उगाच हेलपाटा नको त्याला."

तेराव्या दिवशी केकवाले आले ते तोंड पाडून.

"बाई, मामांची गाडी बिघडली आहे. काल संध्याकाळी गल्लीत काढली. फाटकातच सात वेळा बंद पडली. शेजारच्यांनी ढकलून आत घातली हो!"

"कित्येक वर्षं उभी असेल, क्लच धरत असेल," बाई म्हणाल्या. "चला मिस्त्रीकडे."

मिस्त्रीचं गॅरेज स्कूलच्या मागेच. तीन नंबरची देखभाल त्याच्याचकडे. तो जाऊन मामांची गाडी स्वतः चालवत गॅरेजपर्यंत घेऊन आला, उतरला, हात पुसले.

"गाडीला काही झालेलं नाही. मऊ क्लच आहे, एक नंबर."

"मग बंद का पडते?" केकवाले म्हणाले. "बाईंच्या गाडीत मी एकदाही बंद पाडली नाही. विचारा त्यांना."

मिस्त्री हसायला लागला. वाईट मनाचा माणूस नव्हता. त्याला फक्त विनोद सुचला होता आणि तो त्याच्या पोटात राहीना. "अहो केकवाले, बाईंच्या गाडीत आजवर कुणीच बंद पाडली नाही. तीन नंबरच्या ड्रायव्हरकडच्या क्लचचं रबर मी तीन वर्षांनी बदलतो. बाईंच्या बाजूचं दर आठ महिन्यांनी. खालचं लोखंड दिसायला लागतं." आणि मग बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, ह्या रस्त्यावरची पहिली ऑटोमॅटिक तुमचीच की हो!"

बाईंनी त्याला इतकं झापलं की केकवाले दोन पावलं मागे सरकले. मिस्त्री आहेस, मिस्त्रीसारखा राहा, पाने सांभाळ. लहान तोंडी मोठा घास. वगैरे. बाईंचा आवाज मुळातच इंजिनवर चढणारा, त्यात गॅरेजला पत्र्याचं छप्पर.

पण घरी जेवायला बसल्या तरी मिस्त्रीचं बोलणं डोक्यातून जाईना. डाव्या पायाने आपण काय काय करतो ह्याचा बाईंनी कधी विचारच केला नव्हता. श्वास घेताना कोण विचार करतं? शिकणाऱ्याने क्लच जरा लवकर सोडला की गाडी गचका देणार. तो गचका बाईंना आधी कळायचा आणि पाय आपोआप खाली जायचा. बोटभर. शिकणाऱ्याला पत्ताही नाही. गाडीला गचके बसलेले बाईंना सहनच व्हायचे नाहीत, खरं तर एवढंच कारण. आणि टेस्टला? टेस्टला शेजारी कोण बसायचं सव्वीस वर्षं?

नवरा समोर बसून ताटातल्या भाताची ढिगी करत होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी का सोडलीत?"

"कधी?"

"लायसन मिळालं नि सोडलीत ना तुम्ही."

नवऱ्याने जरा आठवलं. "तू शेजारी असलीस की यायची. तू नसलीस की यायची नाही. दोन-तीनदा एकटा घेऊन गेलो होतो, तुला सांगितलं नाही. पेट्रोल पंपावर बंद पडली, मागे ही रांग. म्हटलं, नाही आपल्याला जमत. तू आहेसच की."

हे सगळं तो भात कालवता कालवता बोलला, जराही तक्रार न करता. बाईंना त्याचाही राग आला. वीस वर्षांपूर्वी भांडला असता तर काही बिघडलं असतं का? आणि आपण चारचौघांत ह्या माणसाची थट्टा करत आलो, ते आठवून तर त्यांना ताटावर बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तीन नंबरमध्ये बसल्या बसल्या चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. केकवाल्यांना वाटलं गुडघा दुखतोय.

"चला," बाई म्हणाल्या.

गाडी गचका खाऊन बंद पडली. केकवाल्यांनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. चौकापर्यंतच्या तीनशे पावलांत गाडी अकरा वेळा बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ. एक रिकामा टेम्पो बाजूने जाताना त्यातला माणूस काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही हेच बरं. प्रत्येक गचक्याला बाईंचा डावा पाय मांडीखाली तडफडत होता. हाताने दाबून धरावा लागत होता.

"बाई, काहीतरी चुकतंय," केकवाले घामाघूम होऊन म्हणाले. "परवापर्यंत मला येत होतं!"

"नव्हतं येत."

"अहो, बारा दिवस..."

"बारा दिवस तुम्हाला येत नव्हतं. मला येत होतं." बाईंनी हे एका दमात म्हणून टाकलं, कारण दुसऱ्या दमात त्या म्हणू शकल्या नसत्या. "मिस्त्री खरं बोलला. मी दाबत होते क्लच. मुद्दाम नाही. पण मीच दाबत होते."

केकवाल्यांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे घ्यायला गेले आणि ती तिथेच बंद पडली. त्यांच्या त्या आनंदाचं काय झालं असेल ते बाईंना कळत होतं. बारा सकाळींचा आनंद उसना निघाला होता.

"म्हणजे तळपायाला कळत होतं ते..."

"ते माझ्या तळपायाला."

"तुम्ही मला फसवलंत, बाई," केकवाले म्हणाले आणि उतरून चालत बेकरीकडे गेले.

दोन दिवस आले नाहीत. बाई सातला येऊन तीन नंबरमध्ये बसायच्या, आठला उतरायच्या. मालक खिडकीतून बघायचा. तिसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन बाईंनीच काचेपलीकडून सांगितलं, "टेस्टला नऊ दिवस आहेत. बंद पडणार, पन्नास वेळा पडणार. पण ती तुम्ही पाडलेली असेल." केकवाल्यांनी एका गिऱ्हाइकाचा केक बांधला, सुट्टे पैसे दिले, आणि मान वर न करता म्हणाले, "सातला येतो."

ते नऊ दिवस म्हणजे शिक्षा होती, दोघांनाही. केकवाले चिडायचे, बाई त्यांच्याहून चिडायच्या. सत्तावीस वर्षांत क्लच तोंडाने शिकवायची वेळच आली नव्हती, त्यामुळे बाईंपाशी शब्दच नव्हते. "सोडा" म्हटलं तर ते एकदम सोडायचे. "हळू" म्हटलं तर सोडायचेच नाहीत, इंजिन नुसतं केकाटत राहायचं. "कळत कसं नाही?" बाई ओरडायच्या. "कळवा की मग!" केकवाले ओरडायचे. आठव्या दिवशी सपाटीवर जमायला लागलं. चढ राहिला होता.

तीस तारखेला सकाळी टेस्ट. बाई कुंपणाबाहेर. नियम असा की तीनदा बंद पडली तर नापास. केकवाल्यांनी आठचा आकडा व्यवस्थित काढला, मागे घेऊन दाखवली, आणि चढावर थांबले. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही. मग गाडी इतका वेळ जागच्या जागी थरथरत राहिली की बाईंना वाटलं, सापडला, ह्या माणसाला हाफ क्लच सापडला. अहो रेस द्या, आता रेस द्या! कुंपणाची तार त्यांच्या मुठीत होती आणि डावा पाय चपलेसकट मातीत रुतला होता. केकवाल्यांनी रेस दिली, जरा उशिरा दिली, आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडून हातभर मागे आली.

साहेब उतरले. केकवाले उतरले. बाईंपाशी येऊन म्हणाले, "शेवटी थरथरली तेव्हा कळलं होतं मला. एक क्षण. खरंच कळलं होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दिसलं मला." त्यांना रडू येत होतं आणि ते कुणावर काढावं ते कळत नव्हतं.

चार वाजता त्यांनी तीन नंबरची चावी मालकाच्या टेबलावर ठेवली.

"जाऊ द्या, बाई," मालक म्हणाला. "अवघडच असते गिअरची गाडी. आजकाल नाही जमत लोकांना."

ही वाट सोपी होती. बाई वर्षभर हेच बोलत आल्या होत्या. नुसती मान हलवली असती तरी झाकली मूठ राहिली असती. "गाडी अवघड नाही," त्या म्हणाल्या. "लोकही ठीक आहेत. मी शिकवलंच नाही कधी कुणाला. सव्वीस वर्षं क्लच मी दाबत होते, टेस्टला पण. लोक माझ्या पायावर पास झाले आणि घरी जाऊन नापास झाले. त्यातल्या निम्म्यांनी ऑटोमॅटिक घेतली असेल, आणि मी त्यांनाच शिव्या घालत बसले."

मालक खुर्चीत ताठ झाला. चावी उचलली, परत ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"टेस्टला पण?"

"हो."

"माझ्या वेळी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांचा होता, नव्या तीन नंबरवरचा पहिला विद्यार्थी. चढावर घाबरून घामाने चिंब झालेला. बाईंना ते मैदान जसंच्या तसं दिसलं, आणि आपला पायही.

"हो," त्या म्हणाल्या.

"बाई, मला गिअरची गाडी येत नाही," मालक म्हणाला. आवाज चढला होता. "चौदा वर्षं. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक मी! बाबांना कधी सांगितलं नाही. गाडी इकडची तिकडे करायची तरी मिस्त्रीला फोन करतो. मला वाटायचं सगळ्यांना येतं, माझ्याच पायात काहीतरी खोट आहे. आणि ती दारात उभी असायची रोज, तीन नंबर. मला बघवायची नाही ती!"

माफ कर म्हणणं फार थोडं झालं असतं. त्यांनी चावी त्याच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन शेजारच्या सीटवर मांडी घालून बसल्या.

तो आला, दहा मिनिटांनी. गाडी रस्त्याला लागायच्या आधीच बंद पडली. मग अर्धी रस्त्यावर, अर्धी दारात अशी अडकली. मागे रिक्षा, रिक्षामागे दुधाची गाडी, सगळ्यांचे हॉर्न. मिस्त्री पाना हातात घेऊन बघायला आला आणि हसायच्या ऐवजी रिक्षावाल्याला कडेने वाट दाखवायला लागला.

"बाई, दाबा ना!" मालक ओरडला. "एकदाच! लोक थांबलेत!"

"थांबू दे त्यांना."

"पाय खाली घ्या हो!"

"नाही घेणार. टाच जमिनीवर ठेव. नुसती बोटं उचल. गाडी थरथरली की आहे तिथेच थांब, जीव गेला तरी पाय हलवू नको."

बंद पडली. त्याने शिवी हासडली, बाईंनी ऐकली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. लोक कडेने वाट काढून जायला लागले. सहाला पाच कमी असताना गिऱ्हाईक येऊन फाटकाशी उभं राहिलं, खिडकीत वाकलं आणि म्हणालं, "हीच ना गाडी? मी घेऊन जाऊ का?"

मालकाचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने मान वळवली नाही. डोळे पुढे, टाच जमिनीवर, गाडी नुकती कुठे थरथरायला लागली होती.

"आज नाही," तो म्हणाला. "मला अजून येत नाहीये."